तुझ्या नावानं आलेल्या नऊ कमेंट

सोमवार, ४ मार्च

बारक्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, त्याबद्दल आभार. पत्ता तुझ्या जुन्या घरमालकिणीनं दिला. आधी ताकास तूर लागू देत नव्हती. मी सख्खी बहीण आहे म्हटल्यावर म्हणाली, चार वर्षं राहिला माझ्याकडे, कधी बहिणीचा विषय निघाला नाही. मी म्हटलं, आमच्या घरात माया अशीच करतात.

तुझ्याकडे एकच काम आहे, दोन मिनिटांचं. बाबांचा ब्लॉग आहे, त्यावर एक कमेंट लिही.

हसून झालं असेल तर पुढे वाच. दुकान बंद करून दीड वर्ष झालं. काचबिंदूनं बाबांचा उजवा डोळा पूर्ण नेला आणि डाव्याला खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच कळतं. तरी रोज सकाळी जिना उतरून दुकानात जाऊन बसायचे. शटर अर्धं वर, पुढ्यात एक जुनं शिलाई मशीन. ते हातांनी चाचपत खोलायचं, जोडायचं आणि परत खोलायचं. मला बघवेना. मी अजून दातांच्या दवाखान्यातच आहे, नावं लिहून घेते आणि घाबरलेल्यांना खुर्चीपर्यंत पोचवते. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पन्नास वर्षं मशीनं दुरुस्त केलेला माणूस, त्यांच्या डोक्यात किती असेल, लिहून ठेवा की. म्हणून ब्लॉग. ते सांगतात, मी टाइप करते आणि वाचून दाखवते. 'खालचा दोरा गुंता का करतो.' 'सुई उलटी बसवणाऱ्यांशी दोन शब्द.' 'तेल कुठे घालू नये.' या शेवटच्यात एक वाक्य आहे की मशीन आणि माणूस सारखेच, फक्त मशीन तेल घातल्यावर कुरकुर थांबवतं. ते माझ्यावर आहे.

पण लेख टाकला की दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला प्रश्न, "कोणी काही म्हणालं का?" कोणी काही म्हणत नव्हतं. दुकानात ते गिऱ्हाइकाला आधी स्टुलावर बसवायचे आणि "बोला" म्हणायचे, आठवतं ना? मशीनला हात नंतर, आधी माणसाचं ऐकायचं. इथे ते एकटेच बोलत होते. मग मी एक लेख शोधून काढला, ब्लॉगवर येणाऱ्यांना बोलतं कसं करावं याबद्दलचा. शेवटी प्रश्न विचारा. नाव नोंदवायची सक्ती करू नका. कोणी लिहिलं तर त्याच दिवशी नाव घेऊन उत्तर द्या. सगळं केलं. प्रत्येक लेखाखाली बाबा सांगून लिहून घेतात, 'तुमचं मशीन काय म्हणतंय? इथे सांगा.' पहिल्या महिन्यात पान छप्पन्न वेळा उघडलं गेलं. त्यातल्या पन्नास वेळा उघडणारी मीच असणार.

तर तू लिही. 'वाचलं' एवढंच लिहिलंस तरी पुरे, पण तुझ्या नावानं लिही. कारखान्याचं मात्र काढू नकोस. तुझ्या हातून त्यांच्या मशीनचा एक नट सैल राहिला, ते चालवणाऱ्या बाईंचं बोट गेलं, बाबा चारचौघांत तुला बोलले आणि तू निघून गेलास. सहा वर्षं झाली त्याला. चुका कोणाच्या होत नाहीत? जरा गोडीनं लिही. आणि तिथल्या जुन्या कमेंट वाचत बसू नकोस, त्यात काही नाही.

पानाचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. बाबांची तब्येत वयाप्रमाणे आहे.

ताई


मंगळवार, १९ मार्च

बारक्या,

पंधरा दिवस झाले. पत्र नाही, कमेंट नाही. पाकीट परत आलं नाही म्हणजे मिळालंय. तुझा स्वभाव मी ओळखते, चार वेळा वाचून खिशात घालून कामावर गेला असशील.

मागच्या पत्रात मी बरंच लपवलं. आता लपवून भागणार नाही.

पहिली कमेंट आली ती खरी होती. म्हणजे कोणीतरी वजन कमी करायच्या गोळ्या विकत होतं, पण त्याआधी दोन ओळी होत्या की तुमचं लिखाण फार उपयोगी आहे, असंच लिहीत राहा. त्या दोन ओळी मी वाचून दाखवल्या आणि गोळ्या गाळल्या. बाबांनी मला त्या तीनदा वाचायला लावल्या. त्या दिवशी जेवताना आपणहून मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, "आलं का काही?" आणि मी कोऱ्या पडद्याकडे बघत एक शाळेतली शिवणबाई तयार केली. तिचं मशीन टाके सोडत होतं. बाबांनी तिला सुई बदलायला सांगितली. चार दिवसांनी मी तिचं मशीन बरं केलं. मग एक म्हातारा शिंपी आला. तो प्रत्येक गोष्टीत बाबांशी वाद घालायचा आणि हरायचा. बाबांचा तो फार लाडका होता.

पण बाबांची स्मरणशक्ती तुला माहीत आहे. "तो शिंपी मागे काय म्हणाला होता, परत वाच," असं अचानक म्हणायचे आणि मी अडखळायचे. म्हणून मग मी ते सगळं खरोखरच पानावर लिहायला लागले, वेगवेगळ्या नावांनी, दवाखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत. एकीकडे डबा, एकीकडे शिंपी.

इथेच थांबले असते तरी चाललं असतं. जानेवारीत एकदा बाबा म्हणाले, "एवढे लोक वाचतात, म्हणजे तोही वाचत असेल कुठेतरी." मी विषय बदलला. पुढच्या आठवड्यात परत तेच. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी तुझं नाव घालून लिहिलं, 'बाबा, मी वाचतो.' तीन शब्द. मी ते वाचले तेव्हा त्यांनी हात पुढे करून पडद्याला लावला, जिथे शब्द असतील असं त्यांना वाटलं तिथे. बारक्या, त्यानंतर मी थांबायला हवं होतं, हे मला कळतं. थांबवेना.

तू आणखी आठ लिहिल्यास. एकूण नऊ. तू कामाला चालत जातोस. तुझ्या खोलीला दोन खिडक्या आहेत. तुला खोकला झाला होता, बाबांनी गरम पाणी प्यायला सांगितलं, तो बरा झाला. मी तुझा खोकलासुद्धा बनवला.

आता खरं दुखणं सांगते. फेब्रुवारीत बाबांना जिना चढताना दम लागायला लागला. तपासायला चला म्हटलं तर येईनात. तेव्हा नवव्या कमेंटमध्ये तू लिहिलंस, 'तपासून घ्या. मी मार्चमध्ये येतो.' मुकाट्यानं आले. हृदयाची एक झडप आखडलीय. ती बदलायला हवी आणि फार दिवस थांबता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणि बाबा म्हणतात, "तो येतो म्हणालाय ना? तो आला, त्याच्याशी बोललो, की मग काय कापायचं ते कापा. त्याआधी मी सही करणार नाही." मी समजावलं, रागावले, दोन दिवस अबोला धरला. उत्तर एकच. आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घ्यावा तसं मी केलंय, फक्त पाय त्यांचा आहे.

मार्चचे बारा दिवस उरलेत. एका दिवसासाठी ये. आलास की दारातच तुला सांगेन, आजवर तू काय काय म्हणालायस ते. बोलायचं नसलं तर नुसता शेजारी बसून राहा. त्यांना हात लागला तरी पुरेल.

तुझी ताई


गुरुवार, २८ मार्च

बारक्या,

बाबांनी आजपासून खाली उतरायचं सोडलं. चार पायऱ्यांवर दम लागतो. रात्रीच नाही, आता दिवसाही उशाला टेकूनच बसतात. ऑपरेशनला ९ एप्रिल ही तारीख मिळाली आहे. डॉक्टरांनी मला बाहेर घेऊन सांगितलं, ही तारीख गेली तर पुढे अंगात ऑपरेशन सोसायची ताकदच उरणार नाही. कागद माझ्या पिशवीत आहे. सही नाही.

आणखी एक गोष्ट मी तुला सांगितलेली नाही. ती सांगायची लाज वाटत होती आणि अजून वाटते.

तुझी चौथी कमेंट. मला वाटलं, तुमच्यातली ती जुनी गाठ सोडवल्याशिवाय गाडी पुढे जाणार नाही. मी तुझ्या नावानं लिहिलं, 'बाबा, त्या मशीनची चूक माझीच होती. नट मीच सैल ठेवला होता. मला माफ करा.' मला वाटलं, बाबा विरघळतील, म्हणतील जाऊ दे. त्यांनी मला कॉम्प्युटर बंद करायला सांगितला. ताट तसंच राहिलं. मी समजले, गहिवरून आलं असेल. पण त्या दिवसापासून त्यांनी एकही नवा लेख सांगितलेला नाही. शिवणबाई दोनदा येऊन गेली, शिंपीही भांडून गेला, त्यांना उत्तरं नाहीत. फक्त "त्याला येऊ दे" एवढंच.

तुझ्या तोंडी माफी घालायचा अधिकार मला नव्हता. चूक तुझी असली तरी माफी कधी मागायची हे तू ठरवायचं होतंस. मी तुला विचारलंही नाही, कारण विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास.

येणार नसशील तर येणार नाही असं लिही. रागानं लिही, शिव्या दे, पण तुझ्या हातानं लिही. त्यांना कळू दे की वाट बघायची नाही, म्हणजे ते सही करतील. मी त्यांना सत्य सांगायचा तीनदा प्रयत्न केला. खोलीत जाते, ते माझ्या पावलांच्या आवाजावरून म्हणतात, "काय गं, त्याचं काही?" आणि मी पाण्याचा तांब्या भरायच्या निमित्तानं बाहेर येते. मला भीती वाटते रे, की मी खरं सांगितलं आणि त्या धक्क्यानंच ते गेले तर. मी त्यांना मारतेय असं मला वाटायला लागलंय. हे बोलायला मला दुसरं कोणी नाही.

ताई


बुधवार, ३ एप्रिल

बारक्या,

तुझी कमेंट काल दुपारी आली. तिच्यासोबत तुझा ईमेल पत्ता मला दिसतो, म्हणून हे पोस्टानं न पाठवता इथे लिहितेय.

तू काय लिहिलंस ते तुला ठाऊक आहे, पण काल मी ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. 'मी कोणाचीही माफी मागितलेली नाही. आधीच्या नऊ कमेंट माझ्या नाहीत, ताईच्या आहेत. ते मशीन मी केलं नव्हतं. फळीखाली रेघ होती, गोल नव्हता. तुम्ही ती माझ्यासमोर तळहातानं पुसलीत आणि म्हणालात, पोराचं काम आहे. मी येणार नाही. ऑपरेशन करायचं तर करा, नाही तर नका करू. आता हेही माझ्यावर ढकलू नका.'

मी त्या खुणा साफ विसरले होते. ज्यानं मशीन पुरं केलं त्यानं फळीखाली खडूनं खूण करायची. बाबांची सरळ रेघ, तुझा गोल. लहानपणी तुझा गोल कधी नीट यायचा नाही, बाबा त्याला बटाटा म्हणायचे. सहा वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही की त्या फळीखाली काय होतं ते विचारावं. बाबा म्हणाले तुझी चूक, मी मान डोलावली. आणि वर तुझ्या नावानं माफीही मागून मोकळी झाले. तुला मी कुठल्या तोंडानं काय सांगू?

दवाखान्यात माझ्यासमोर दाढ सुजलेला एक माणूस अर्धा तास गाल धरून बसला होता आणि मला त्याचं नाव लिहून घ्यायचं सुचेना. कमेंटच्या खाली दोन बटणं असतात, ठेवा आणि काढून टाका. माझं बोट दुसऱ्यावर होतं, हे तुझ्यापासून लपवत नाही. न काढताही जमलं असतं. त्यांना दिसत नाही. मी तुझी कमेंट उघडून भलतंच काही वाचलं असतं, 'काम निघालंय, पुढच्या महिन्यात येतो, तुम्ही सही करा.' वाक्य तयारसुद्धा झालं होतं. एवढी सवय झालीय मला.

घरी आले. ते उशाला टेकून बसले होते. "काय गं, त्याचं काही?"

मी म्हटलं, आलंय. आणि तुझं आहे तसं वाचलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ते ऐकत होते. एक हात चादरीवर, त्याची बोटं हलत होती, नट फिरवताना हलतात तशी.

"परत वाच."

परत वाचलं.

"हा तो आहे," बाबा म्हणाले. मग, "आणि त्या नऊ?"

मी सांगितलं, माझ्या. शिवणबाई माझी, शिंपी माझा, खोकला माझा. मला वाटलं, आता काही होतं यांना. मी पाण्याचा ग्लास घट्ट धरून उभी होते. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "मला वाटलं, मी आंधळा झालोय हे त्याला कळलं असेल. म्हणून माझं पाप स्वतःच्या अंगावर घेऊन तो मला मोकळं करतोय. त्या दिवसापासून घास गिळवत नव्हता. तो आला की पाय धरणार होतो त्याचे."

मला राग आला, बारक्या. आजारी माणसावर येऊ नये तेवढा आला. मी म्हटलं, सहा वर्षं तुम्ही मला त्याच्याबद्दल हे मानू दिलंत? मी त्याला एक पत्र लिहिलं नाही, कारण मला वाटलं त्यानं तुमची मान खाली घालायला लावली. माझा भाऊ तुम्ही माझ्याकडून काढून घेतलात. ते म्हणाले, "हो." एवढंच. सबब सांगितली नाही. सांगितली असती तर मी खोलीतून निघून गेले असते.

मग म्हणाले, "हॉस्पिटलचा कागद आण. तो ढकलू नका म्हणालाय, नाही ढकलत. कुठे करायची सही, तिथे माझं बोट ठेव." मी ठेवलं. त्यांचं अक्षर कागदावर तिरकं चढत गेलंय, पण सही झाली.

"आता कॉम्प्युटर घे. लेख सांगतो. पण टाकू नकोस लगेच. आधी कारखान्यातल्या त्या बाईंना वाचून दाखव, मग टाक."

त्यांनी सांगितलं ते तुला आधी पाठवते. एक शब्द मी घातला नाही, एक गाळला नाही.

'सहा वर्षांपूर्वी एका कारखान्याची तीस मशीनं आमच्याकडे आली होती. एकोणीस मुलानं केली, अकरा मी. तेव्हा मला दिसायचं कमी झालं होतं, पण मी कोणाला सांगितलं नव्हतं. न दिसणाऱ्याकडे मशीन कोण देणार? एका मशीनच्या क्लचचा नट मी बोटांनी बसवला आणि पान्यानं आवळायचा राहिला. चार दिवसांत तो फिरला. पायपट्टीवर पाय नसताना मशीन चाललं. बाई सुईत दोरा ओवत होत्या. सुई बोटातून आरपार गेली, पुढे ते बोट काढावं लागलं. फळीखाली खूण माझी होती. ती मी पुसली आणि मुलाचं नाव घेतलं. वाटलं, तो तरुण आहे, त्याचं निभावेल. निभावलं नाही. त्यानंतर त्याला कोणी मशीनला हात लावू दिला नाही आणि हे मला माहीत होतं. नट सैल राहिला ती हाताची चूक, ती कोणाचीही होते. खूण पुसली ती मी समजून उमजून पुसली. माझा मुलगा चांगला कारागीर होता. माझ्यापेक्षा चांगला. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.'

मी विचारलं, खाली नेहमीचा प्रश्न घालू का? म्हणाले, "नको. इथे कोणाला काही विचारायचं नाही."

मला माफ कर, असं मी लिहिणार नाही. तेवढा शहाणपणा आता आलाय. तुला जे वाटेल ते वाटू दे.

ताई


मंगळवार, ९ एप्रिल

बारक्या,

हॉस्पिटलच्या बाकावर बसून फोनवर लिहितेय. बाबांना आत नेऊन दोन तास झाले. समोर एक बाई विणकाम करतेय आणि दर दहा ओळींनी सगळं उसवतेय. तिचंही कोणीतरी आत असणार.

शनिवारी मी त्या कारखान्यातल्या बाईंकडे गेले होते. त्या अजून तिथेच आहेत, आता मशीनवर बसत नाहीत, घड्या घालतात. डब्याच्या सुट्टीत जिन्यावर बसून मी त्यांना बाबांचा लेख वाचून दाखवला. ऐकताना त्या उजव्या हातानं डावा हात झाकून होत्या. मला वाटलं, आता मला आणि बाबांना धुऊन काढतील आणि ते रास्तच होतं. त्या म्हणाल्या, "म्हाताऱ्याला काय बोलू आता? पण मी सहा वर्षं त्या पोराला शिव्याशाप दिले हो. रोज, ताई. केस विंचरताना, शर्टाची बटणं लावताना." मग विचारलं, "त्याला सांगितलं का हे कोणी?"

मी म्हटलं, त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

"माहीत असणं वेगळं," त्या म्हणाल्या. "त्याला कोणी तोंडानं सांगितलं का?"

तेव्हा मी सांगते. ताई म्हणून, या घरातलं एक माणूस म्हणून. ते मशीन तू केलं नव्हतंस. तुझ्या हातात काही खोट नव्हती. तुझ्यावर आळ घेतला गेला आणि मी तो खरा मानला. त्या बाईंनीही निरोप दिलाय, की तुझ्या नावानं घेतलेला एकेक शब्द त्या परत घेतात. हा निरोप खरा आहे. माझ्या शब्दावर तू आता विश्वास का ठेवावास हे मला माहीत नाही, म्हणून त्यांच्या कारखान्याचा फोन नंबर वेगळ्या मेलनं पाठवलाय. तूच विचारून घे.

त्याच संध्याकाळी लेख पानावर टाकला. तुझ्या नावाच्या नऊही कमेंट काढून टाकल्या. शिवणबाई आणि शिंपी काढताना बाबा म्हणाले, "शिंपी राहू दे की." मग स्वतःच म्हणाले, "नको, काढ." आता पानावर तुझी एकच कमेंट आहे, खरी. नव्या लेखाखाली काही नाही.

आज सकाळी त्यांना न्यायला आले तेव्हा मी स्ट्रेचरबरोबर दारापर्यंत चालत गेले. डॉक्टर काल म्हणाले, उशीर झालाय, पण प्रयत्न करू. हे बाबांनीही ऐकलंय. ते घाबरले होते. मी म्हटलं, काही काळजी करू नका, सगळं नीट होणार आहे. म्हणाले, "तू हे असं बोलायची सवय सोड." परिचारिका हसली, मीही हसले, मग मला रडू फुटलं.

दारापाशी त्यांनी माझा हात ओढला. म्हणाले, "शुद्धीवर आलो की पान उघड. जे असेल ते वाच. काही नसेल तर नाही म्हण. मला चालेल. पण माझ्यासाठी आता माणसं तयार करू नकोस."

मी शब्द दिलाय, बारक्या, आणि या वेळी मी तो पाळणार आहे. तू ये असं मी म्हणत नाही. माफ कर असंही नाही. मघापासून चार वेळा पान उघडून बघितलं. लेखाखाली शून्य आहे. शून्यच राहिलं तर मी शून्यच वाचून दाखवेन. फक्त ते वाचताना माझा आवाज कसा ठेवायचा, ते मला अजून कळत नाहीये.

आत्ताच परिचारिका बाहेर येऊन सांगून गेली. ऑपरेशन अजून चाललंय, शुद्ध यायला संध्याकाळ होईल म्हणाली.

ताई